कॉम्बी बॉयलरचं गरम पाणी: ब्रिटनमधल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-नाशिकहून ब्रिटनला आल्यावर घरातली पहिली अनोळखी वस्तू बहुतेकदा स्वयंपाकघरातल्या कपाटात टांगलेली असते: कॉम्बी बॉयलर. गीझरच्या सवयीने त्याच्याकडे पाहिलं की बऱ्याच तक्रारी उगाच निर्माण होतात. गीझरमध्ये पाणी किती साठलंय हे बघायचं असतं, कॉम्बीत मिनिटाला किती लिटर येतंय हे. ही एक गोष्ट लक्षात ठेवून खालची उत्तरं वाचा. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉम्बी बॉयलर म्हणजे नेमकं काय? गरम पाण्याची टाकी कुठे असते?

टाकी नसतेच. एकाच पेटीत दोन कामं होतात: रेडिएटर तापवणं आणि नळाचं पाणी तापवणं. गरम पाण्याचा नळ सोडला की आतलं छोटं चक्र फिरतं, बॉयलरला प्रवाह कळतो, बर्नर पेटतो. त्याच वेळी डायव्हर्टर व्हॉल्व्ह रेडिएटरकडे जाणारं पाणी वळवून प्लेट हीट एक्स्चेंजरमधून फिरवतो. या एक्स्चेंजरमध्ये पातळ पत्र्यांच्या एका बाजूने बॉयलरचं तापलेलं पाणी आणि दुसऱ्या बाजूने मेन्सचं (रस्त्यावरच्या मुख्य नळाचं) गार पाणी वाहतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णता पलीकडे जाते. नळ चालू असेपर्यंत रेडिएटर थांबलेले असतात. ते बिघाडाचं लक्षण नाही.

२. आंघोळीच्या आधी गीझरसारखा चालू करावा लागतो का? नंतर बंद करायचा का?

नाही. वीज आणि गॅस कायम चालू ठेवायचे. नळ आणि हीटिंग बंद असताना बर्नर पेटत नाही, त्यामुळे बटण बंद करून काही वाचत नाही. उलट कडक थंडीत वीज बंद असली तर बॉयलरची गोठण्यापासून स्वतःला वाचवण्याची सोय काम करत नाही. अपवाद एकच: ‘प्रीहीट’ किंवा ‘कम्फर्ट’ सोय. ती चालू असेल तर पाणी लवकर गरम यावं म्हणून बॉयलर अधूनमधून आपणहून पेटतो आणि थोडा गॅस जाळतो. घाई नसेल तर ‘इको’वर ठेवा.

३. किती किलोवॅटचा बॉयलर घ्यावा?

साधा हिशोब: किलोवॅटला १४.३ ने गुणा आणि पाणी जितके अंश तापवायचं त्याने भागा. उत्तर लिटर प्रति मिनिट येतं. माहितीपत्रकात ३५ अंश वाढ धरलेली असते, म्हणून २४ किलोवॅटला ९.८, ३० ला १२.३ आणि ३५ ला १४.३ लिटर असे आकडे दिसतात.

पण मेन्सचं पाणी वर्षभर सारखं नसतं. जानेवारीत ते ५ अंशांवर आलं आणि तुम्हाला ४२ अंशांचं पाणी हवं असेल तर २४ किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला ९.३ लिटर देतो. उन्हाळ्यात तेच पाणी १८ अंशांवर असलं की त्याच बॉयलरची क्षमता १४ लिटरवर जाते. ‘जुलैत शॉवर मस्त होता, आता बॉयलर बिघडलाय’ या तक्रारीत बऱ्याचदा बिघाड नसतोच.

बॉयलर निवडण्याआधी मेन्सचा प्रवाह मोजा. स्वयंपाकघरातला गार नळ पूर्ण सोडा, १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा आणि ६०० ला त्या सेकंदांनी भागा. ६० सेकंद लागले तर १० लिटर प्रति मिनिट. मेन्सच १० लिटर देत असेल तर ३५ किलोवॅटचा बॉयलर घेऊन हिवाळ्यातही त्याहून जास्त पाणी येणार नाही. हे मोजमाप न करता बॉयलर सुचवणाऱ्याकडून काम करून घेऊ नका.

४. दोन बाथरूम आहेत. दिवाळीच्या पहाटे सगळ्यांच्या आंघोळी होतील का?

एकामागून एक, हव्या तितक्या. पाणी संपत नाही. पण एकाच वेळी दोन शॉवर चालवले तर ९ लिटरचे साडेचार-साडेचार होतात, आणि त्यात कुणी भांडी घासायला गरम नळ सोडला तर तिघांचीही पंचाईत. बादलीने आंघोळ करणाऱ्यांचं त्यामानाने बरं: १८ लिटरची बादली दोन मिनिटांत भरते, मग नळ दुसऱ्यासाठी मोकळा. दोन बाथरूम रोज एकाच वेळी लागत असतील तर कॉम्बीचा हट्ट सोडा. सिलिंडर (गरम पाण्याची टाकी) असलेला सिस्टिम बॉयलर तिथे योग्य.

५. नळ सोडल्यावर गरम पाणी यायला इतका वेळ का लागतो?

दोन कारणं. बॉयलर गार असेल तर पेटून एक्स्चेंजर तापायला काही सेकंद जातात. बाकीचा वेळ पाइपातलं जुनं गार पाणी बाहेर पडण्याचा. १५ मिमी तांब्याच्या पाइपात मीटरमागे सुमारे ०.१५ लिटर पाणी मावतं, २२ मिमीमध्ये ०.३२ लिटर. म्हणजे बाथरूम १० मीटर लांब असेल तर १५ मिमी पाइपातून दीड लिटर आणि २२ मिमीतून सव्वातीन लिटर आधी वाहून जाणार. जुन्या घरात टाकी काढून कॉम्बी बसवताना जुने २२ मिमीचे पाइप तसेच ठेवले की ही कटकट मागे लागते. बॉयलर बदलताना गरम पाण्याचा लांबचा पाइप १५ मिमीचा करून घ्यावा.

६. गरम पाण्याचं तापमान किती ठेवावं? आम्ही ६० वर ठेवून बादलीत विसण घालतो.

४८ ते ५० पुरे. ६० वर ठेवून विसण घातलं तरी बादली लवकर भरत नाही, कारण बॉयलर एका मिनिटात देतो ती उष्णता तेवढीच असते. वर तोटे तीन: ६० च्या आसपास एक्स्चेंजरमध्ये चुना फार झपाट्याने धरतो (प्रश्न १३), लहान मुलाचा हात भाजू शकतो, आणि गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सर शॉवर गरम बाजूने इतकं कमी पाणी ओढतो की बर्नर मधेच विझतो (प्रश्न ११).

साठवलेल्या पाण्यात लीजिओनेला जंतू वाढू नयेत म्हणून सिलिंडर ६० अंशांवर ठेवतात. तो नियम कॉम्बीला लावू नका, इथे पाणी साठतच नाही. रेडिएटरचं तापमान वेगळ्या बटणावर असतं. तेही शक्य तितकं खाली ठेवा, कारण परत येणारं पाणी ५५ अंशांपेक्षा गार असलं तरच बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता वसूल करतो.

७. स्वतः काय करता येतं आणि कशाला हात लावायचा नाही?

प्रेशर भरणं, रेडिएटरमधली हवा काढणं, रीसेट करणं, टायमर लावणं, गोठलेला कंडेन्सेट पाइप (धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर नेणारा) वितळवणं ही कामं घरच्या घरी होतात. गॅसचा पाइप, बर्नर, फ्लू (धूर बाहेर नेणारी नळी) आणि बॉयलरचं सीलबंद आवरण यांना फक्त गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या इंजिनिअरनेच हात लावायचा. २००९ पर्यंत ही नोंद ‘कॉर्गी’कडे होती, म्हणून जुने लोक अजून तेच नाव घेतात. इंजिनिअर आला की त्याचं कार्ड मागा आणि उलटून मागची बाजू वाचा. कोणत्या प्रकारच्या कामाची त्याला परवानगी आहे आणि ती कधीपर्यंत आहे, ते मागेच लिहिलेलं असतं.

८. नवा बॉयलर बसवताना कशावर लक्ष ठेवावं?

सगळ्यात आधी जुन्या रेडिएटरची धुलाई. आतला काळा गाळ न काढता नवा बॉयलर जोडला तर तो गाळ काही महिन्यांत नव्या प्लेट एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसतो, आणि कंपनी वॉरंटी नाकारते. धुलाईनंतर परतीच्या पाइपावर चुंबकीय फिल्टर आणि पाण्यात गंजरोधक इनहिबिटर हवंच.

मग गॅसचा पाइप. मीटरपासून बॉयलरपर्यंत दाब १ मिलिबारपेक्षा जास्त पडता कामा नये, आणि जुना १५ मिमी पाइप लांब असेल तर तो इथेच नापास होतो. बॉयलर पूर्ण ताकदीवर आणि घरातली शेगडीही चालू असताना दाब मोजायला सांगा.

कंडेन्सेट पाइप शक्यतो घरातूनच ड्रेनला जोडावा. भिंतीबाहेर न्यावाच लागला तर जाडी किमान ३२ मिमी, लांबी ३ मीटरच्या आत, उतार मीटरला किमान ४५ मिमी आणि वर पाणी न शिरणारं आवरण. याकडे दुर्लक्ष झालं की प्रश्न १५ अटळ.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून कॉम्बीबरोबर वेळ आणि तापमानाचं नियंत्रण लागतं, शिवाय चारपैकी एक सोय: हवामानानुसार किंवा घराच्या गरजेनुसार बॉयलरचं पाणी कमी-जास्त तापवणारं नियंत्रण, स्वतः शिकणारा स्मार्ट थर्मोस्टॅट, नाहीतर धुरातली उष्णता परत मिळवणारं उपकरण. कामानंतर भरलेली बेंचमार्क तपासयादी आणि इमारत नियमांचं प्रमाणपत्र जपून ठेवा. घर विकताना वकील ते मागतोच.

९. प्रेशरचा काटा शून्यावर आला आणि बॉयलर बंद पडला. प्रेशर कसं भरायचं?

बॉयलर गार असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा.

बॉयलर बंद करून थंड होऊ द्या. खाली चंदेरी जाळीची लवचिक नळी दिसेल, दोन्ही टोकांना छोटे व्हॉल्व्ह. हा फिलिंग लूप. (काही बॉयलरमध्ये नळीऐवजी आतच किल्ली किंवा खटका असतो, तेव्हा पुस्तिका पाहा.) नळीची दोन्ही टोकं घट्ट आहेत ना ते बघा. एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, दुसरा हळूहळू. पाणी आत जाताना सळसळ ऐकू येते. काटा १.२ च्या आसपास आला की दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, मग नळी काढून ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या पाइपाला रेडिएटरचं पाणी कायम जोडलेलं ठेवायला नियमांत परवानगी नाही. नंतर बॉयलर चालू करून रीसेट करा.

काटा चुकून २.५ च्या वर गेला तर घाबरू नका. एखाद्या रेडिएटरचा एअर व्हॉल्व्ह उघडून कपात थोडं पाणी काढा.

१०. प्रेशर भरलं तरी दर आठवड्याला पुन्हा पडतं. कधी उलट ३ पर्यंत चढतं. का?

वारंवार भरत राहणं हा उपाय नव्हे. दर वेळी ताजं पाणी आणि त्यातला ऑक्सिजन आत जातो, इनहिबिटर पातळ होतं आणि रेडिएटर आतून गंजतात. काटा कधी हलतो ते बघा, कारण त्यातच सापडतं.

हीटिंग चालू झाल्यावर काटा ३ कडे धावतो आणि थंड झाल्यावर शून्यावर येतो: एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा गेली आहे. तापलेलं पाणी फुगतं, त्याला सामावून घेणारी ही डबी. तिच्यात हवा नसेल तर दाब ३ बारवर जाऊन सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर फेकतो. घराबाहेर भिंतीतून आलेलं आणि भिंतीकडेच वळवलेलं तांब्याचं १५ मिमीचं टोक शोधा. त्याखाली ओल किंवा हिरवट-पांढरा डाग दिसला तर खात्रीच. रेडिएटरच्या पाण्याचा दाब शून्यावर आणून मगच व्हेसलमध्ये साधारण ०.७५ ते १ बार हवा भरतात. पाण्याचा दाब असताना भरली तर आकडा खोटा येतो. सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा उघडला की त्यात कचरा अडकून तो पुढेही ठिबकतो, म्हणून बहुधा तोही बदलावा लागतो.

हीटिंग बंद असतानाही काटा हळूहळू चढतो: मेन्सचं पाणी आत शिरतंय. फिलिंग लूपची नळी काढून पाहा. चढणं थांबलं तर दोष लूपच्या व्हॉल्व्हचा, नाही थांबलं तर प्लेट एक्स्चेंजरला आतून छिद्र.

काटा कधीच चढत नाही, नुसता पडतो: गळती. रेडिएटरचे व्हॉल्व्ह, जमिनीखालचे सांधे आणि बाहेरचं ते तांब्याचं टोक पाहा.

११. शॉवरखाली पाणी गरम-गार, गरम-गार होतं. काय बिघडलंय?

फोन करण्याआधी दोन आकडे घ्या. स्वयंपाकघरातला गरम नळ पूर्ण सोडून दोन मिनिटं थांबा, लिटर प्रति मिनिट मोजा (प्रश्न ३) आणि स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तापमान बघा.

इथे पाणी स्थिर गरम असेल तर बॉयलर ठीक आहे, शॉवरच्या मिक्सरचं कार्ट्रिज खराब आहे.

इथेही गरम येऊन मग कोमट होत असेल आणि बॉयलर मधेच विझत असेल, तर प्लेट एक्स्चेंजर चुन्याने किंवा गाळाने भरलाय. उष्णता पलीकडे जात नाही, बॉयलरचं आतलं पाणी उकळायला आलं की तो स्वतःला वाचवायला थांबतो.

नळ पूर्ण सोडल्यावर ठीक आणि बारीक धारेला गार: प्रवाह कमी पडतोय. मिनिटाला साधारण दीड-अडीच लिटरच्या खाली बॉयलर पेटतच नाही. उन्हाळ्यात आणखी एक अडचण. बर्नरची किमान ताकद ६ किलोवॅट असेल तर १८ अंशांच्या अडीच लिटर पाण्याला तो ५२ पर्यंत नेतो. तुम्ही ४५ मागितलेत, म्हणून तो विझतो, गार लाट येते, पुन्हा पेटतो. पाणी वाचवणारा शॉवर हेड काढून साधा लावला तर कित्येकदा एवढ्यावरच भागतं.

सगळ्या नळांना गरम धार बारीक पण गार धार जोरात असेल तर बॉयलरच्या गार पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी तुंबली आहे. इंजिनिअरचं दहा मिनिटांचं काम.

१२. रेडिएटर तापतात पण नळाला गार पाणी. किंवा उन्हाळ्यात नळ सोडला की रेडिएटर कोमट होतात.

दोन्हीत पहिला संशय डायव्हर्टर व्हॉल्व्हवर. अर्ध्यात अडकला की उष्णता दोन्हीकडे वाटली जाते. नळ सोडल्यावर बॉयलर पेटतच नसेल तर मात्र प्रवाह ओळखणारं चक्र तपासायला सांगा. पंप बदलू या असं कुणी थेट म्हणालं तर आधी या दोन गोष्टी तपासल्या का ते विचारा.

१३. आमच्याकडे किटलीत पांढरा थर बसतो. बॉयलरचं काय?

लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी खडूच्या खडकातून येतं, त्यामुळे फार जड आहे. स्कॉटलंड आणि वेल्सच्या बऱ्याच भागांत ते मऊ. पाणी कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की आकडा मिळतो. २०० पीपीएमच्या वर असेल तर बॉयलरच्या गार पाण्याच्या पाइपावर चुनारोधक बसवणं इंग्लंडच्या इमारत नियमांच्या मार्गदर्शनातच आहे. तापमान ५० वर ठेवणं हा फुकटचा उपाय.

घरात मीठ घालायचा वॉटर सॉफ्टनर असेल तर एक काळजी: नळाच्या पाण्याला तो उत्तम, पण रेडिएटरच्या बाजूला मऊ केलेलं पाणी भरायला अ‍ॅल्युमिनियमचा एक्स्चेंजर असलेल्या काही बॉयलरचे उत्पादक मनाई करतात. फिलिंग लूप सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपाला जोडून घ्या.

१४. वार्षिक सर्व्हिसमध्ये काय व्हायला हवं?

धुराचं विश्लेषण आणि त्याची छापील पट्टी, गॅसचा दाब, बर्नरच्या सीलची पाहणी, कंडेन्सेट ट्रॅपची सफाई, चुंबकीय फिल्टर उघडून धुणं, इनहिबिटरची चाचणी आणि एक्स्पान्शन व्हेसलची हवा. शेवटची गोष्ट सर्रास वगळली जाते आणि त्यातूनच प्रश्न १० उद्भवतो, म्हणून नाव घेऊन मागा. वर्ष चुकलं की वॉरंटी जाते.

१५. बाहेर बर्फ आहे, बॉयलर गुरगुरतो आणि बंद पडतो.

बहुधा कंडेन्सेट पाइप गोठलाय. भिंतीतून बाहेर येऊन गटाराकडे जाणारा प्लास्टिकचा पाइप हाच. वाकण आणि उघडं टोक इथे बर्फ आधी धरतो. त्यावर कोमट पाणी ओता किंवा गरम पाण्याची पिशवी बांधा. उकळतं पाणी नको, पाइप तडकतो आणि खालची फरशी निसरडी होते. मग एकदा रीसेट करा. दोन-तीनदा करूनही पेटला नाही तर थांबा आणि इंजिनिअरला बोलवा.

१६. डिसेंबरात महिनाभर भारतात जातोय. बॉयलर बंद करू का?

नको. बॉयलरची गोठणरोधक सोय फक्त बॉयलरपुरती असते, माळ्यावरच्या पाइपांना तिचा उपयोग नाही. थर्मोस्टॅट १२ च्या आसपास ठेवा आणि मेन्सचा स्टॉपकॉक (घरात येणारं पाणी थांबवणारा व्हॉल्व्ह) बंद करून जा. रेडिएटरचं पाणी बंदिस्त असतं, त्यामुळे स्टॉपकॉक बंद असूनही हीटिंग चालतं. घर रिकामं असताना हीटिंग चालू हवं अशी अट विम्यातही असू शकते, वाचून घ्या. आल्यावर सगळे नळ काही मिनिटं वाहू द्या.

१७. गॅस गीझरसारखा गुदमरायचा धोका यालाही आहे का?

भारतातला गॅस गीझर बंद बाथरूममधलीच हवा जाळतो आणि धूर तिथेच सोडतो, म्हणून जीव जातात. कॉम्बी सीलबंद असतो. फ्लूच्या बाहेरच्या नळीतून हवा येते, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो. पण फ्लूचा सांधा सुटला किंवा सील गेलं तर धोका तोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून अलार्म हवाच, बॉयलरपासून १ ते ३ मीटरवर. डोकेदुखी आणि मळमळ घरातल्या सगळ्यांना एकदम होऊ लागली की खिडक्या उघडा, बॉयलर बंद करा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या राष्ट्रीय गॅस आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. गॅसचा वास आला तरी हाच क्रमांक.

१८. भाड्याचं घर आहे. दुरुस्ती कुणी करायची?

घरमालकाने. गरम पाण्याची आणि हीटिंगची यंत्रणा दुरुस्त ठेवणं इंग्लंडमध्ये १९८५ च्या आणि वेल्समध्ये २०१६ च्या कायद्याने त्याच्यावर आहे. दर १२ महिन्यांनी गॅस सुरक्षा तपासणी आणि तिची प्रत २८ दिवसांत तुमच्या हाती, हेही बंधनकारक. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड अलार्म त्यानेच बसवायचा. सुरक्षा तपासणी म्हणजे सर्व्हिस नव्हे. तक्रार लेखी करा आणि प्रश्न ११ मधले दोन आकडे सोबत द्या.

१९. भाताला, चहाला गरम नळाचं पाणी घेतलं तर?

गार नळाचंच घ्या. कॉम्बीचं पाणी थेट मेन्समधून येतं खरं, पण गरम पाणी पाइपांतले धातू जास्त विरघळवतं.

२०. शेजाऱ्यांनी नळ सोडला की आमचा शॉवर मंदावतो. पंप बसवू का?

जुन्या ओळीच्या घरांत दोन-तीन घरांना एकच मेन्स पाइप असतो. सकाळी सात आणि रात्री अकरा अशा दोन्ही वेळा प्रवाह मोजा. तफावत मोठी असेल तर पाणी कंपनीकडे स्वतंत्र जोडणीची चौकशी करा. टाकीच्या जमान्यातला शॉवर पंप कॉम्बीच्या पाइपावर कधीही लावू नका, आणि तो आधीपासून असेल तर काढून घ्या. मेन्सवर बसवायचे खास बूस्टर मिळतात, पण मिनिटाला १२ लिटरपेक्षा जास्त ओढणारा पंप पाणी कंपनीला आधी कळवल्याशिवाय आणि तिची संमती घेतल्याशिवाय जोडता येत नाही. जागा असेल तर रात्री मेन्सच्या दाबाने पाणी भरून ठेवणारी बंद टाकी, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर हा त्याहून शांत पर्याय. मात्र रात्रीही मेन्सचा दाब २ बारच्या खाली असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही.